श्रद्धेवाचून श्रवण : भिलाईचे पंथी गीत आणि आपण

डिसेंबरच्या १८ तारखेस भिलाईच्या सेक्टरांतून पहाटे फिरावयास निघणाऱ्या माणसाच्या कानी दोन आवाज पडतात. एक आपल्या कारखान्याचा. तो बारा महिने तेरा काळ असतो आणि त्याची इतकी सवय झालेली असते की, तो थांबला तरच ध्यानात यावा. दुसरा मांदराचा. तो सेक्टरांच्या सीमेपलीकडील वस्त्यांतून आणि जवळपासच्या खेड्यांतून येतो; आधी सावकाश, मग घाईघाईने, आणि शेवटी असा की चालणाऱ्याची पावले नकळत त्या ठेक्यात पडू लागावीत. तो दिवस गुरू घासीदासांच्या जयंतीचा. सतनामी समाजाच्या वस्तीत उभ्या असलेल्या जैतखामावर, म्हणजे त्या पांढऱ्या उंच खांबावर, नवे पांढरे निशाण चढते आणि त्याभोवती पंथी सुरू होते.

प्रस्तुत लेखक सतनामी नाही, आणि खरे सांगावयाचे तर कोणत्याच अर्थाने धार्मिक नाही. देवघरापुढे हात जोडण्याची सवय तरुणपणी सुटली ती पुन्हा लागली नाही. असे असूनही आपल्या मंडळातील आषाढी एकादशीचे भजन मी सहसा चुकवीत नाही, आणि एखाद्या अभंगाच्या वेळी डोळ्यांच्या कडा ओलावतात हेही लपवीत नाही. एका स्नेह्याने एकदा हसत हसत विचारले होते, "तुम्ही देव मानत नाही, मग रुमाल कशाला काढता?" प्रश्न थट्टेचा होता, पण तो कुसळासारखा रुतून बसला. त्यावर दोन सोपी उत्तरे आहेत. आम्ही फक्त सूर ऐकतो, शब्दांशी आम्हांस कर्तव्य नाही, हे एक. आणि आत कुठेतरी श्रद्धा शिल्लक आहेच, ती कबूल करावयास तोंड नाही, हे दुसरे. पहिल्या उत्तरात गाणाऱ्याचा अपमान आहे, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचा. तिसरे उत्तर मला मिळाले ते पंथी ऐकताना. आणि ते संगीतशास्त्रात नव्हे, तर या प्रदेशाच्या इतिहासात सापडले. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यास जागा मिळावी असे मला वाटते, कारण त्या इतिहासात आपण मराठी माणसेही आहोत, आणि तेथील आपली जागा फारशी अभिमानाची नाही.

भिलाईकडे वळण्यापूर्वी थोडे दूर जाऊन येणे सोयीचे होईल. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीच्या ध्वनींची एक सोनेरी तबकडी आहे, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्या तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, याचा आपणांस सार्थ अभिमान असतो. केसरबाईंचे निधन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, याने सुटल्यानंतर अवघ्या काही दिवसांत झाले. पण त्या भैरवीला लागूनच पुढे कोणाचे गाणे आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ते आहे ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासमधील अंध कृष्णवर्णीय गायकाचे, १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेले. हा मनुष्य रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून गिटारवर ख्रिस्ताची गाणी गात असे. १९४५ साली तो दारिद्र्यात मरण पावला. त्या गाण्याचे नाव ख्रिस्ताच्या अंतिम यातनांवरील एका जुन्या भक्तिगीतावरून घेतलेले आहे. परंतु गाण्यात शब्द मुळी नाहीतच. आहे तो नुसता हुंकार, आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा, त्या हुंकाराला साथ देणारा सूर. तबकडीसाठी निवड करणाऱ्या मंडळाचे प्रमुख कार्ल सेगन हे कोणत्याही रूढ धर्माचे अनुयायी नव्हते. तरीही रात्र पडली आणि निवारा नाही, ही मनुष्याची अवस्था सांगण्यासाठी त्यांना हेच गाणे योग्य वाटले.

या जातीच्या गाण्याला तिकडे गॉस्पेल ब्लूज म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमानाचे, प्रार्थनागृहातले गाणे. ब्लूज म्हणजे शेतमजुराचे, गुत्त्यातले, दुःखाचे आणि वासनेचेही गाणे. या दोहोंची गाठ घालण्याचे श्रेय थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यास देतात. तो धर्मोपदेशकाचा मुलगा. परंतु तरुणपणी ब्लूजच्या बैठकींत पियानो वाजवून त्याने नाव मिळविले. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ ते नवजात मूलही गेले. त्या शोकातून त्याने जे प्रार्थनागीत रचले, ते पुढे मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत, १९६८ साली, महालिया जॅक्सनने गायिले. प्रारंभी अनेक प्रार्थनागृहांनी डॉर्सीच्या गाण्याला दार बंद केले होते. गुत्त्याची चाल देवापुढे कशी चालेल, असा त्यांचा सवाल होता. त्या गाण्यातला गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो कण्हत राहतो. आपल्याकडील ज्यांचा कान श्रुतींना सरावलेला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

हा प्रवाह आटलेला नाही. अलाबामातील अंधशाळेत १९३९ साली जमलेल्या मुलांच्या 'ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा' या मेळ्याने २००१ साली जो ध्वनिसंग्रह काढला, त्यात टॉम वेट्ससारख्या प्रार्थनागृहाबाहेरच्या गीतकाराच्या रचना गायिल्या आहेत. ऐकणाऱ्यांतही कधी चर्चची पायरी न चढलेले लोक पुष्कळ असतात. त्यांस नेमके काय भावते? येशू तारील ही खात्री त्यांच्यापाशी नसते. पण ज्या माणसास कायद्याने माणूस मानले नाही, ज्याचे मूल बाजारात विकले जाई, त्याने कोणाला तरी हाक मारली आणि आपले ऐकले जाईल असे धरून चालला, ही गोष्ट त्यांस कळते. ते गाणे ऐकण्यासाठी देव मानावा लागत नाही; ती हाक मारण्याची पाळी कोणी आणली हे मात्र ठाऊक असावे लागते.

आता आपल्या छत्तीसगढात येऊ. गुरू घासीदासांचा जन्म १७५६ साली गिरौदपुरी येथला. संप्रदायाच्या परंपरेनुसार १८५० पर्यंत त्यांचा काळ धरतात. आता आपल्या शाळेतील इतिहासाच्या सनावळ्या शेजारी मांडून पाहाव्यात. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर जिंकले ते १७४१ साली. बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन प्रत्यक्ष कारभार पाहू लागले १७५८ पासून. ते १७८७ साली वारले. त्यानंतर नागपुराहून सुभे नेमले जाऊ लागले. १८१८ ते १८३० पर्यंत इंग्रजांची देखरेख, पुन्हा भोसले, आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. म्हणजे ज्या पुरुषाच्या नावाने आज आपल्या खिडकीतून मांदर ऐकू येतो, त्याचे जवळजवळ सारे आयुष्य मराठी राज्याच्या छायेत गेले. छाया हा शब्द येथे सवयीने आला. त्या छायेत गारवा कितपत होता, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या स्मरणिकांतून बिंबाजींची रामटेकडी येते, रतनपुरास दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथा त्यांनी पाडली हे येते, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे येतात. ते यावेतच. परंतु सुभ्यांचा अंमल सहसा येत नाही. हे अधिकारी नागपुराहून येत. वसूल भरून उरेल ते त्यांचे, आणि मुदत संपण्याआधी जितके ओढता येईल तितके ओढावे, असा तो कारभार होता. इंग्रज देखरेखीच्या काळात आलेल्या अॅग्न्यू या अधिकाऱ्याने १८२० साली या सुभ्याचा वृत्तांत लिहिला. त्यात त्या काळाविषयी बरे लिहिलेले नाही. इंग्रज आपल्या आधीच्यांस वाईटच म्हणणार, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण सौरभ दुबे यांनी सतनाम्यांच्या इतिहासावरील आपल्या १९९८ च्या ग्रंथात जे दाखविले आहे ते असे उडवून लावता येत नाही. मराठी अंमलात या प्रदेशातील सत्तेची आणि शिवाशिवीची वीण अधिक आवळली गेली, आणि चर्मकार म्हणून गणल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या वाट्यास तिचा काच विशेष आला. ही माणसे मुख्यतः नांगर धरणारी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. घासीदास स्वतः दुसऱ्याच्या शेतावर राबत.

परंपरा सांगते की, ते जगन्नाथपुरीच्या यात्रेस निघाले आणि सारंगढपासूनच परत फिरले, मुखी सतनाम घेऊन. त्या अर्ध्या वाटेवर काय घडले हे कोणी नेमके सांगत नाही. पुढे सोनाखानच्या अरण्यात काही महिने एकांत, आणि तेथून आल्यावर उपदेश. मूर्ती नको, मांस-मद्य नको, दुपार चढल्यावर नांगर नको, गाईस जुंपणे नको. आणि माणूस माणूस एकच. दुपारनंतर नांगर न धरण्याचा नियम मला फार बोलका वाटतो. तो बैलासाठी आहे खरा. पण ज्याच्या हातात तो नांगर होता त्याचीही पाठ त्यामुळे काही वेळ सरळ झाली असेल. त्यांचे पुत्र बालकदास जानवे घालून, ताठ मानेने गावोगाव हिंडत. १८६० च्या सुमारास त्यांची हत्या झाली. जैतखाम हे त्या साऱ्याचे निशाण आहे. २०२४ च्या मे महिन्यात गिरौदपुरीजवळच्या अमर गुंफेपाशी जैतखामाची मोडतोड झाली आणि जूनमध्ये बलौदाबाजारचे जिल्हाधिकारी कार्यालय जळाले. आपल्यापैकी अनेकांनी त्या बातम्या वाचून, 'एका खांबासाठी एवढे?' असे म्हटले असेल. जाळपोळीचे समर्थन मीही करीत नाही. पण तो 'एक खांब' नव्हे, एवढे पंथी ऐकणाऱ्यास समजावयास हरकत नसावी.

आता ते गाणे. पांढरी धोतरे, उघडी अंगे, पायांत घुंगरू. मध्ये जैतखाम किंवा मांदरवाला. मुखिया एक ओळ टाकतो, बाकीचे ती झेलतात. झांजा वाजतात, रिंगण फिरू लागते. विषय गुरूचा महिमा, देहाचे क्षणभंगुरत्व, सतनामाचा आधार. लय वाढत जाते, शब्द आखूड होत जातात, आणि अखेरीस शब्द गळून केवळ नाम आणि पायांचा आघात उरतो. आपल्या दिंडीतील पावली ज्याने पाहिली आहे, त्याला हे परके वाटू नये. मृदंगाच्या जागी मांदर, टाळांच्या जागी झांजा. मुखियाने हाक द्यायची आणि समुदायाने ओ द्यायची, ही रीत अलाबामातल्या प्रार्थनागृहातही हीच आहे. मात्र एक अंतर जाणवते. आपली पावली कितीही रंगली तरी शेवटी देवळाकडे चाललेली असते. पंथीला कुठेच जावयाचे नसते. देवळापर्यंत जाऊन मागे फिरलेल्या माणसाचे ते गाणे. ते जेथे उभे आहे तेथेच फिरत राहते.

भिलाईच्या पंचक्रोशीने या कलेस मोठी माणसे दिली. धनोरा गावचे देवदास बंजारे (१९४७–२००५) यांनी पंथी देशोदेशी नेली. त्यांच्या नावाने राज्य शासन पंथीसाठी पुरस्कार देते. जवळच्याच गनियारीच्या तीजनबाई, ज्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले, त्या तर आपल्या कारखान्याच्याच सेवेत होत्या. पण पंडवानी हा निराळा विषय आहे, तो येथे काढीत नाही.

श्रद्धेवाचून पंथी ऐकणारा, आणि नुसते ऐकून न थांबणारा एक श्रोता भिलाईने पाहिलेला आहे. त्याचे नाव हबीब तन्वीर. १९२३ साली रायपुरास जन्मलेले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, मुंबईस इप्टामध्ये घडलेले, डाव्या विचारांचे हे नाटककार. त्यांनी १९७४ साली भिलाईत छत्तीसगढी कलावंतांचे शिबिर घेतले. विजयदान देथा यांच्याकडून ऐकलेल्या एका राजस्थानी कथेवर तेव्हा त्यांचे काम चालले होते. एक चोर गुरूपाशी खोटे न बोलण्याचा शब्द देतो, आणि तो शब्द पाळता पाळता प्राणास मुकतो, अशी ती कथा. सत्य हाच देव मानणाऱ्या लोकांच्या गाण्याशी या कथेचे नाते आहे, हे त्यांनी ओळखले. भिलाईच्या मैदानात पंथीसाठी सतनामी समुदाय जमलेला असताना, त्यांनी ते अर्धेमुर्धे नाटक त्या लोकांपुढेच करून दाखविले, आणि पंथीचे गाणे त्यात गुंफले. तेच पुढे १९७५ साली 'चरणदास चोर' झाले. त्याच वर्षी श्याम बेनेगलांनी त्यावर चित्रपट काढला, त्यात राणीच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील होती. १९८२ साली एडिंबरा येथे या नाटकाने पारितोषिक मिळविले.

येथे थांबावे तर गोष्ट सुरेख दिसते. पण ती तशी संपली नाही. २००९ साली नाटकाच्या पुस्तकातील काही मजकुरास सतनामी समाजातून आक्षेप घेतला गेला, आणि छत्तीसगढ शासनाने ते पुस्तक शाळांतून मागे घेतले. तन्वीर त्याच वर्षी ८ जूनला निवर्तले होते. उत्तर द्यावयास ते उरले नव्हते. कलाप्रेमी मंडळींनी या कृतीचा निषेध केला. मीही तेव्हा तावातावाने बोललो होतो, आणि पुस्तके काढून घेणे मला आजही पसंत नाही. तथापि आक्षेप घेणाऱ्याची बाजू तेव्हा मी ऐकूनच घेतली नव्हती, हे आता कबूल करावेसे वाटते. ज्या समाजास शतकभर बाहेरच्यांनीच नावे ठेवली, त्याच्या गुरूविषयी बाहेरच्याने लिहिलेला प्रत्येक शब्द तो तपासून घेणार. ते गाणे तन्वीरांना मिळाले होते. पण ते त्यांचे झाले नव्हते. अश्रद्ध रसिकाने हा भेद विसरू नये. आपण मुक्त मनाचे आहोत, म्हणून सर्वांच्या घरात जोड्यांसकट शिरण्याची मुभा आपणांस आहे, असा एक समज आपल्या वर्गात असतो.

या साऱ्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मी आपलेच अभंग निराळ्या कानाने ऐकू लागलो. चोखोबांचे अभंग लहानपणी पाठ केले होते, ते गोड म्हणून. चोखोबा दाराशी उभे होते, हे ठाऊक होते. पण दार कोणी बंद ठेवले होते, हा प्रश्न चालीच्या गोडव्यात बुडून जाई. मंगळवेढ्याच्या कुसवाखाली दबून ते गेले १३३८ साली. पंढरीचे मंदिर अस्पृश्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले १९४७ साली. मधली सहाशे नऊ वर्षे ते अभंग आपण गातच होतो, अगदी तालासुरात. आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या घरी नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेनंतरची भीमगीते आहेत, त्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही. त्या गीतांत देव नाही, आणि म्हणून ती ऐकताना कोणाचे काही अडत नाही. आर्तता मात्र तीच आहे.

तेव्हा स्नेह्याच्या त्या प्रश्नास आता उत्तर द्यावयाचे झाले तर ते असे. रुमाल देवासाठी निघत नाही, आणि केवळ सुरासाठीही नाही. ज्याला दुसरे कोणीच ऐकत नव्हते, त्याने ज्या ताकदीने हाक मारली, त्या ताकदीसाठी तो निघतो. आणि पंथीच्या बाबतीत, न ऐकणाऱ्यांत आपलेही पूर्वज होते, या जाणिवेसाठी.

दोन वर्षांमागे जयंतीच्या दिवशी अशाच एका वस्तीत गेलो होतो. कडेला उभा होतो. झांज वाजवणाऱ्या एका वृद्धाने जागा करून दिली आणि कुठले, म्हणून विचारले. मुक्काम भिलाईच, पण मूळचे नागपूरकडचे, असे सांगितले. मनात वर सांगितलेला सारा इतिहास होता. त्यामुळे 'नागपूर' हा शब्द उच्चारताना जरा अवघडल्यासारखे झाले. म्हातारबाबांना त्याचे काहीच नव्हते. तुमच्याकडे भजनाला काय वाजवता, एवढेच त्यांनी विचारले. टाळ, म्हटले. तेव्हा त्यांनी आपल्या झांजा माझ्या हातात ठेवल्या आणि स्वतः तंबाखू न खाणाऱ्या माणसाच्या ऐटीत हात मोकळे करून बसले. संथ लयीत माझे बरे चालले. लय दुप्पट झाली तेव्हा मी दोनदा चुकलो, आणि शेजारच्या दहाबारा वर्षांच्या मुलाने हसत हसत त्या माझ्या हातून काढून घेतल्या.